चला, घाट चढू या

मंडळी, तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. अक्षरे जोडून शब्द होतो, शब्द जोडून वाक्य होते, हे तुम्हाला कळले. आज आपण पुस्तकाबाहेरचे वाचन करू. रस्ता वाचू. डोंगर वाचू. घाट वाचू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, घाटात काय वाचायचे? गाडीत बसलो, तिकीट काढले, जरा डोळा लागला, की आले महाबळेश्वर!" तसे जाता येते, नाही कशाला म्हणू? पण डोळे मिटून गेलेली वाट आपली होत नाही. आणि आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसाला डोंगर वाचता येणे ही नुसती हौस नाही, गरज आहे. ती का, ते पुढे येईलच. आधी प्रवासाला निघू या.

१. खाडीपासून पोलादपूरपर्यंत

आपले तुडील महाड तालुक्यात, खाडीपट्ट्यात. जवळून सावित्री वाहते. भरतीला फुगते, ओहोटीला उतरते. हे पाणी कोठून येते? वरून येते, एवढे सगळेच सांगतात. पण 'वरून' म्हणजे कोठून, ते आज आपण बघणार आहोत. आपला सगळा प्रवास म्हणजे सावित्रीच्या उलट्या दिशेने, तिच्या माहेरापर्यंत जाणे.

प्रथम महाड. याच गावात २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावर सर्व माणसांचा सारखा हक्क आहे, हे जगाला सांगितले. महाडहून महामार्गाने पोलादपूर सुमारे वीस किलोमीटर. याच पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसरे यांचे उमरठ गाव आहे. तेथे त्यांची समाधी आहे.

पोलादपूरला रस्ता फुटतो. एक फाटा कशेडीकडून खेड-चिपळूणकडे जातो. दुसरा डावीकडे वळतो. तो आपला, महाबळेश्वरचा. येथून महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर. हाच आंबेनळी घाट.

या घाटाला कागदोपत्री आणखी एक नाव आहे, फिट्झगेराल्ड घाट. सर सेमूर फिट्झगेराल्ड हे १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव घाटाला दिले. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळीच राहिले. ज्यांनी सुरुंग लावले, कातळ फोडला, डोक्यावरून खडी वाहिली, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पण त्यांचे हात प्रत्येक वळणावर आहेत. जुनी दगडी मोरी दिसली, की तिचा दगड न् दगड बघा. एका घडीव दगडावर दुसरा असा बसवला आहे, की दीडशे वर्षे वरून पाणी आणि गाड्या जात आल्या आहेत.

२. रस्ता वाकडा का?

घाटात शिरले, की रस्ता नागमोडी होतो. एकदा डोंगर उजवीकडे, एकदा डावीकडे. नव्या माणसाला वाटते, सरळ का नाही काढला?

याचे उत्तर तुमच्या गुरांना ठाऊक आहे. गाय डोंगर सरळ चढत नाही. तिरकी चढते, वळते, परत तिरकी चढते. वाट लांबते, पण चढ हलका होतो. डोक्यावर भाताचे ओझे घेतलेली बाईही तशीच चढते. रस्ता आखणाऱ्याने तेच केले.

आता थोडे गणित करू. पोलादपूर समुद्रापेक्षा फारसे उंच नाही. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. मधले अंतर चाळीस किलोमीटर. भागाकार करा. सरासरी दर किलोमीटरला शंभर फुटांहून थोडा जास्त चढ येतो. हा चढ गाडीला झेपतो. सरळ भिंतीवर गाडी चढली असती का?

हो, ती भिंतच आहे. सह्याद्री म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधली भिंत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि आतून तापलेला रस बाहेर आला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर बसले. कापलेल्या कड्याकडे बघा. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर दिसतील. खालचा तो काळा कातळ. अगदी माथ्यावर पुष्कळ ठिकाणी लाल जांभा. आपल्या घरांच्या चिऱ्याचा भाऊच तो.

३. पाट्या आणि खुणा

घाटात पाट्या फार. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा त्या नुसत्या बघू नका, वाचा. आधी पाटीचा आकार ध्यानात घ्या.

तीन कोनांची, लाल काठाची पाटी म्हणजे सावध! पुढे वळण आहे, चढ आहे किंवा दरड पडते.

गोल पाटी म्हणजे हुकूम. अमुक करा, तमुक करू नका. तो मोडला तर दंड होतो.

चौकोनी पाटी म्हणजे माहिती. पुढे गाव आहे, दवाखाना आहे, पेट्रोल आहे.

तसाच किलोमीटरचा दगड. त्याचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी असेल तर गावचा रस्ता. एवढे कळले, की अनोळखी मुलखातही माणूस अगदीच आंधळा राहत नाही.

घाटाचे काही रिवाजही आहेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचे. आंधळ्या वळणावर भोंगा वाजवायचा. ज्या गिअरवर गाडी घाट चढते, त्याच गिअरवर ती उतरवायची. इंजिन बंद करून, पेट्रोल वाचवायला म्हणून, गाडी कधी सोडायची नाही. नुसत्या ब्रेकवर भार टाकला, की ब्रेक तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. तुमचा मुलगा मोटारसायकल चालवत असेल, तर त्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

या गोष्टी सांगण्याला कारण आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीला महाबळेश्वरकडे निघाले होते. याच आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत गेली. एक माणूस वाचला. बाकीचे सगळे गेले. सकाळी डबे घेऊन हसत निघालेली ती माणसे. घाट सुंदर आहे, पण तो माफी करत नाही.

४. प्रतापगडच्या पायथ्याशी

पहिला मोठा चढ संपला, की वाडा-कुंभरोशी लागते. तेथून प्रतापगडाला फाटा जातो. गड सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधवून घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच गडाखाली अफजलखानाची भेट झाली आणि खान मारला गेला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी गडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण केले.

गड येथेच का बांधला? नकाशा काढा म्हणजे कळेल. जवळच जुना पार घाट आहे. आंबेनळीचा रस्ता नव्हता, तेव्हा कोकणातला माल बैलांच्या पाठीवर पारघाटाने वर जाई. घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती व्यापार आणि फौजेची वाट. महाराजांनाही डोंगर वाचता येत होता. खानाची फौज मोठी होती, पण ती सपाटीवर लढणारी. जावळीच्या रानात तिचा उपयोग झाला नाही.

५. पाच नद्यांचे माहेर

दुसरा चढ चढून आपण महाबळेश्वरला येतो. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर १८२७ ते १८३० या काळात होते. त्यांनी साताऱ्याचे राजे प्रतापसिंह यांच्याशी करार करून येथे हवा खाण्याचे गाव वसवले. गोऱ्या साहेबांना उन्हाळा सोसत नसे. ते उन्हाळ्यात डोंगरावर राहायला येत. आज सगळ्या देशातून लोक येतात.

पण आपले काम जुन्या महाबळेश्वरात आहे. तेथे पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. पाणी दगडी गोमुखातून पडते. तेथे हात धुवा आणि जरा विचार करा. कृष्णा पूर्वेकडे निघाली, तर सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांतच बाणकोटला अरबी समुद्र गाठते. वाटेत पोलादपूर, महाड आणि आपला खाडीपट्टा. एकाच डोंगराच्या लेकी, पण एक दूर दिली, एक जवळ दिली.

आता पावसाचे बघा. समुद्रावरून ढग येतात. सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे साडेपाच मीटर. तीन माणसे एकाच्या खांद्यावर एक उभी केली, तरी बुडतील एवढे पाणी! तेथून पाचगणी अवघी वीस किलोमीटर. तेथे याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस. आणखी खाली वाईला त्याहून कमी. ढग भिंतीवरच रिकामे झाले, पलीकडे काय नेतील?

६. पाचगणी, भिलार आणि वाई

महाबळेश्वरहून पाचगणीकडे जाताना दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात. हे फळ परदेशी, पण तेथील शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या मुलखातला माल या नावाने विकता येत नाही. डोंगराची थंड हवा आणि लाल माती हे त्यांचे भांडवल.

वाटेत भिलार गाव आहे. तेथे मात्र उतराच. ४ मे २०१७ रोजी राज्य सरकारने भिलारला 'पुस्तकांचे गाव' केले. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत मिळून पंचवीस ठिकाणी पुस्तके मांडली. कोणीही जावे, बसावे, वाचावे. पैसा पडत नाही. मंडळी, जेथे लोक फळे विकून पोट भरतात, तेथे त्यांनी परक्या माणसाला घरात घेऊन पुस्तक हाती दिले. तुम्ही आता वाचणारे झालात. तेव्हा त्या घरात तुम्हीही पाहुणेच.

पाचगणी म्हणजे पाच डोंगरांमधले गाव. इंग्रज अमदानीत जॉन चेसन नावाच्या साहेबाने ते वसवले. हवा कोरडी, म्हणून तेथे पुष्कळ निवासी शाळा निघाल्या. गावावरचे पठार म्हणजे जांभ्याचे भले मोठे मैदान. तेथून पसरणी घाट उतरला, की कृष्णाकाठची वाई. तेथे ढोल्या गणपती आहे. आणि तेथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे मोठे काम उभे केले. जगातले ज्ञान मराठीत आणण्याचा तो खटाटोप.

७. दूरदेशीचे घाट

घाट काही आपल्याकडेच नाहीत. युरोप खंडात आल्प्स नावाचा पर्वत आहे. तो सह्याद्रीपेक्षा पुष्कळ उंच, शिखरांवर बारमाही बर्फ. इटलीत तेथे स्टेल्व्हिओचा घाट आहे. १८२० ते १८२५ या काळात तो बांधला. एका बाजूलाच त्याला अठ्ठेचाळीस केसाच्या आकड्यासारखी वळणे आहेत! आपला घाट पावसात बंद करावा लागतो, त्यांचा हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. शेजारी स्वित्झर्लंड देश आहे. तेथे टपालखात्याच्या पिवळ्या बसगाड्या डोंगरी रस्त्यांवर धावतात. आंधळे वळण आले, की तीन सुरांचा भोंगा वाजवतात. देश कोणताही असो, वळणावर भोंगा वाजवायचा, हा नेम एकच.

याच देशात गोथार्ड खिंडीच्या पायथ्याशी आंडरमाट नावाचे गाव आहे. डोंगरावरून बर्फाचे कडे सुटून गावावर येत. गावावरच्या उतारावर रान होते, ते कडे अडवी. म्हणून गावकऱ्यांनी १३९७ साली ठरवले, की या रानातले झाड कोणी तोडायचे नाही. नुसते ठरवले नाही, कागदावर लिहून ठेवले. सहाशे वर्षांहून अधिक काळ झाला. आपल्याकडची देवराई म्हणजे तरी काय? देवाचे नाव घेऊन राखलेले रान. त्यांनी कागदाने राखले, आपण भक्तीने राखले. आता दोन्ही हवे.

८. डोंगर बोलतो

आता आम्ही सुरुवातीला म्हटले होते, ते सांगतो. डोंगर वाचणे ही गरज का?

२५ आणि २६ जुलै २००५ रोजी आपल्या भागात दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही नावे तुम्हाला सांगायला नकोत. दीडशेहून जास्त माणसे मातीखाली गेली. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा जुना पूल पुरात वाहून गेला. रात्रीच्या अंधारात दोन एस.टी. बस आणि इतर वाहने नदीत गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे जवळजवळ दोन फूट पाणी. ते पाणी कोठे जाणार? सावित्रीने खाली आले आणि महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच घाला आला. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला.

जे पाणी गोमुखातून पडताना आपण हात जोडतो, तेच हे पाणी. नदी वाईट नाही, डोंगर वाईट नाही. पण त्यांची भाषा कळली पाहिजे. दरड पुष्कळदा येण्याआधी खुणा देते. त्या अशा :

जमिनीला, अंगणाला किंवा भिंतीला नवी भेग पडते आणि ती रुंदावते.

झाडे, खांब, कुंपण एका बाजूला कलतात.

झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, आटते, किंवा नव्या जागी पाणी फुटते.

घराची दारे-खिडक्या अडकू लागतात.

डोंगरातून घरघर, कडकड असा आवाज येतो, बारीक दगड सुटू लागतात.

यातली एक जरी खूण दिसली आणि वर मुसळधार पाऊस असला, तर "बघू सकाळी" असे म्हणू नका. म्हातारी, मुले, गुरे घेऊन उतारापासून बाजूला व्हा. सरळ खाली ओढ्याकडे पळू नका, कारण दरड ओढ्यानेच येते. सामान नंतर. भांडी परत घेता येतात.

कधी कधी दरड खूण न देताही येते. म्हणून पावसाचा इशाराही वाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे जागा धोक्याची असेल तर हाला. लाल इशाऱ्याच्या दिवशी घाटात जाऊ नका. 'घाट बंद' अशी पाटी लावलेली असताना कडेने गाडी काढणारा शूर नव्हे. घाटात अडकलात, तर कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करून धबधबा बघत बसू नका. हे आकडे दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा : मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

आणि वर्षभराचे काम म्हणाल, तर गावावरच्या उताराचे रान राखा. डोंगरात चर आणि मोऱ्या असतील त्या पावसाआधी साफ करा. पाण्याला त्याची वाट मोकळी द्या. झाडे असली म्हणजे दरड येणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण उघडा उतार पाऊस आणखी लवकर फोडतो, हे खरे.

तेव्हा घाट चढा. पावसाळा सरला, की कार्तिकात जा. डोंगर हिरवा असतो, हवा धुतलेली असते. पोराबाळांना घेऊन जा. गोमुखाचे पाणी दाखवा आणि सांगा, "हे पाणी आपल्या गावाला जाते." पाट्या तुम्ही मोठ्याने वाचा. तुमच्या आईबापांना त्या वाचता आल्या नसतील. तुम्हाला येतात.

कठीण शब्द

उगम – नदी जेथे सुरू होते ती जागा.
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेली वाट.
दरड – डोंगराचा सुटून खाली येणारा भाग.
जांभा – लाल, छिद्रांचा दगड. याचे चिरे काढतात.
देवराई – देवाच्या नावाने राखलेले रान.

अभ्यास

१. घाटातला रस्ता नागमोडी का असतो? गुरांचे उदाहरण देऊन सांगा.
२. महाबळेश्वरला पाऊस जास्त आणि वाईला कमी, असे का?
३. तीन कोनांची, गोल आणि चौकोनी अशा पाट्यांचा अर्थ लिहा.
४. दरड येण्याच्या तीन खुणा लिहा. त्या घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.
५. करून पाहा : आपल्या वाडीच्या वरचा उतार एकदा चालून या. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, नवी भेग आहे का, ते चार ओळींत लिहा आणि तो कागद ग्रामपंचायतीत द्या. खाली तारीख घाला आणि स्वतःच्या हाताने सही करा.